आगमनाचे पुराण सांगणारे फादर स्टीफन्स



आज आगमनकाळाचा पहिला रविवार. वेदीजवळच्या हिरव्या चक्रातली पहिली मेणबत्ती आज लागली, मिस्साच्या वस्त्रांचा रंग जांभळा झाला आणि रविवारचे गौरवगीत नाताळपर्यंत थांबले. देवळात आगमनकाळ सुरू व्हायला एवढे पुरते. घरात तो कसा सुरू करायचा, हा प्रश्न मात्र गेल्या वर्षी एका माउलीने आम्हांला विचारला आणि त्याचे उत्तर तेव्हा आमच्याजवळ नव्हते.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही घर आशीर्वादित करायला गेलो होतो. उसाचा हंगाम ऐन भरात होता. दारात कागदाची चांदणी लागलेली, आत टीव्हीवर सांताक्लॉजची जाहिरात चालू. घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला आम्ही विचारले की नाताळाआधीचे हे चार आठवडे कशासाठी असतात. सहामाही परीक्षेचे पेपर मिळतात आणि मग सुट्टी लागते, असे त्याने सरळ सांगून टाकले. आई ओशाळली. आम्ही लगेच आगमन या शब्दाचे लॅटिन मूळ काढले, ख्रिस्ताचे बेथलेहेमातले आगमन, अंतःकरणातले आगमन आणि जगाच्या अंती होणारे आगमन असे तीन भाग पाडले. मुलाने पहिला भाग ऐकला, दुसऱ्याला जांभई दिली आणि तिसऱ्याच्या वेळी तो मांजराच्या मागे अंगणात गेला. सेमिनरीत घेतलेली तत्त्वज्ञानाची पदवी अशा वेळी काहीच कामाला येत नाही. आम्ही निघालो तेव्हा आईने दारात थांबवून विचारले की फादर, मेणबत्ती तर आम्ही लावू, पण ती लावल्यावर पोरांशी बोलायचे काय.

या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने आपल्या मराठी भाषेत देऊन ठेवले आहे. त्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकात वाचले असेल. मराठी भाषेची स्तुती करणारा परदेशी पाद्री एवढीच त्याची ओळख शाळा करून देते. यंदाच्या आगमनकाळात फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र थोडे अधिक जाणून घेऊ या.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. ते दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि इंग्लंडात मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा ठरला. त्या देशातली कॅथलिक श्रद्धा यापुढे देवळातून हलली आणि घराच्या बंद दाराआड राहू लागली. बाहेर कोणी नाही याची खात्री करून माळ म्हणायची, मुलांना आईवडिलांनीच शिकवायचे. स्टीफन्स विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत शिकले. तरुणपणी त्यांची थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत दरबारी गृहस्थाशी मैत्री जुळली. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात दाखल व्हायचे ठरवले. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले, १५७५ च्या ऑक्टोबरात येशूसंघात दाखल झाले आणि तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे विनंती केली. ती मान्य झाली. रोमच्या महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. (त्यांच्या बाबतीत तो पुढे फुकट गेला नाही, हे आम्ही थोड्या मत्सराने लिहीत आहोत.)

१५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेला लिस्बनहून पाच जहाजे हिंदुस्थानाकडे निघाली. त्यांतल्या एकावर स्टीफन्स होते. हा प्रवास सहा महिन्यांहून अधिक काळ चालला. गोव्यात पोहोचल्यावर पंधरा-वीस दिवसांतच त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले, ते आजही वाचायला मिळते. त्यात वारे आहेत, प्रवाह आहेत, आफ्रिकेचे टोक वळसा घालून पार करतानाची भीती आहे. हिरड्या सुजून येणारा आजार जहाजावर पसरला, दीडशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. जहाजावर लहान मुलेही बरीच होती. समुद्राचा त्रास पुरुषांपेक्षा मुलांनीच अधिक चांगला सोसला, हे त्यांनी मुद्दाम नोंदवले आहे.

त्या पत्रातला शेवटचा भाग आम्हांला फार आवडतो. हिंदुस्थान जवळ आला असे खलाशांना वाटत होते, पण प्रवाहाने जहाज भलतीकडे ओढून नेले होते. अन्नपाणी संपत आले, किनारा दिसेना. मग एकेक खूण दिसू लागली. आधी या देशातले म्हणून ओळखीचे असलेले पक्षी आले. नंतर पाण्यावर तरंगत झावळ्या आणि गवत आले. मग पाण्यावर पोहणारे साप दिसले, आणि निसर्गानेच नक्षी उठवलेल्या, नाण्यासारख्या गोल वस्तू. किनारा अजून दिसत नव्हता, तरी तो आहे आणि जवळ आहे हे जहाजावरच्या प्रत्येकाला कळले. ऑक्टोबरच्या २४ तारखेला जहाज गोव्याला लागले. नोंद सापडते त्याप्रमाणे हिंदुस्थानात येऊन राहिलेले हे पहिले इंग्रज.

भिगवणच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या मुलांना ही गोष्ट जास्त समजावून सांगावी लागणार नाही. उजनीच्या पाणलोटात रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उतरू लागले की थंडी आली हे त्यांना कॅलेंडर न पाहता कळते.

गोव्यात स्टीफन्स यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक दक्षिणेकडच्या सासष्टी महालात झाली. (मुंबईजवळची साष्टी ती वेगळी.) पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, काही थोडा काळ सोडला तर, त्यांनी याच भागात काढली. राशोलच्या महाविद्यालयाचे रेक्टर म्हणूनही त्यांनी काम पाहिले. इंग्लंडला ते परत गेले नाहीत. १५८३ मध्ये काही इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्यात पकडले गेले, तेव्हा त्यांना जामीन मिळवून द्यायला हेच धावले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असे म्हटले आहे. हीच गोष्ट विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडली आणि जगाने ती ऐकली, तेव्हा १७८६ साल उजाडले होते.

पण सासष्टीचा तो काळ चांगला नव्हता. हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, तरी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती, जुने सण आणि ग्रंथ यांवर बंदी घातली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी गावात लोकांचा संताप उसळला आणि पाच येशूसंघीय व्रतस्थ मारले गेले. त्यांत अकबराच्या दरबारात राहून आलेले रुडॉल्फ अक्वाविवा होते. त्यांचे मृतदेह परत आणायला गेलेल्यांमध्ये स्टीफन्स होते. नंतर सत्ताधाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. सत्यासाठी म्हणून वापरलेल्या अशा मार्गांबद्दल संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० सालच्या १२ मार्चला संपूर्ण ख्रिस्तसभेच्या वतीने देवाची क्षमा मागितली, ती आपल्यासाठीही होती.

अशा गावांमध्ये स्टीफन्स यांना श्रद्धा शिकवायची होती. नव्याने स्नानसंस्कार झालेली कुटुंबे रविवारी देवळात येत, मिस्सा लॅटिनमध्ये ऐकत आणि घरी जात. घरी गेल्यावर काय? पूर्वी संध्याकाळी दिवा लागला की पोथी निघे, कोणीतरी वाची, म्हातारी माणसे ओवी म्हणत आणि मुले मांडीवर डोके ठेवून ऐकता ऐकता झोपी जात. आता पोथी नव्हती. जुन्या गोष्टी गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी गोष्टी आल्या नव्हत्या, फक्त प्रश्नोत्तरे आली होती.

स्टीफन्स यांच्या ग्रंथाचा आरंभच या ठिकाणी होतो. प्रसंग असा आहे. रविवारचा दिवस, देवळातली संध्याकाळची उपासना आटोपलेली, मुले धर्मशिक्षणाचे धडे म्हणत बसलेली आणि पाद्री-गुरू त्यांना अर्थ सांगत आहेत. तेवढ्यात एक शिकलेला गृहस्थ पुढे येतो. तो नवदीक्षित आहे, भांडायला आलेला नाही. तो म्हणतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, ठीक आहे, पण मग त्यांच्याऐवजी दुसरी का देत नाही. मुलांना धडे पुरतील, पण आमच्या मोकळ्या वेळात आम्ही काय वाचावे?

आमच्या मते हा प्रश्न आणि त्या माउलीने दारात विचारलेला प्रश्न एकच आहे.

स्टीफन्स यांनी त्यावर रागावून उत्तर दिले नाही, की उपदेशही केला नाही. त्यांनी पुराण लिहिले. ओवीछंदात, ज्यात ज्ञानदेवांनी आणि त्यांच्याच काळातल्या एकनाथांनी लिहिले त्याच छंदात, जवळजवळ ११ हजार ओव्या. शिष्ट मराठी त्यांनी शिकून घेतली आणि साध्या माणसांना कळावे म्हणून तिच्यात कोंकणी शब्द मिसळले. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला ते कचरले नाहीत. १६१६ मध्ये राशोलला ग्रंथ छापला गेला, तेव्हा देहूत तुकोबा अजून कीर्तनाला उभे राहिले नव्हते. ज्यांची पालखी दर आषाढात बारामती आणि इंदापुरावरून जाते त्यांच्याही आधीचा हा ग्रंथ आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

तो देवनागरीत छापावा अशी त्यांची इच्छा होती. तसे त्यांनी १६०८ मध्ये रोमला संघप्रमुखांना कळवलेही होते, पण जोडाक्षरे धरून सहाशेच्या आसपास ठसे पाडावे लागणार होते आणि तेवढी सोय नव्हती. म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या.

आपण या ग्रंथाला क्रिस्तपुराण म्हणतो. पण मुखपृष्ठावर पोर्तुगीज भाषेत जे नाव होते त्याचा अर्थ वेगळा आहे: आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण. येण्याविषयीचे! म्हणजे आगमनाविषयीचे. हे नाव आम्ही पूर्वी कितीदा तरी वाचले होते, पण त्या घरून परतताना, भिगवण रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली असता, ते एकदम वेगळे दिसले. हा आगमनकाळाचाच ग्रंथ आहे.

त्याची मांडणी पाहिली की हे पटते. ग्रंथाचे दोन भाग आहेत, पहिले पुराण आणि दुसरे पुराण. अध्यायाला ते अवस्वरू म्हणतात. दुसऱ्या पुराणाचे अवस्वरू ५९ आहेत, त्यात प्रभूचे सगळे चरित्र येते. पहिल्या पुराणाचे ३६ आहेत आणि त्या छत्तीसांत प्रभूचा जन्म होत नाही. सृष्टीची उत्पत्ती होते, आदाम आणि एवा बागेतून बाहेर पडतात, तारणारा येईल असे वचन मिळते. नोहा येतो, आब्राहाम येतो, योसेफला भाऊ विकतात, मोशे लोकांना समुद्रातून नेतो, दाविद राजा होतो, संदेष्टे बोलतात, आणि तरीही ज्याची वाट पाहायची तो येत नाही. चार हजारांहून जास्त ओव्या नुसती वाट पाहण्याच्या.

आजकालचा लेखक असता तर त्याने पहिल्याच पानावर गव्हाणी आणली असती. लोकांना तीच हवी असते, आणि आम्हीही प्रवचनात तेच करतो. स्टीफन्स यांनी श्रोत्यांना थांबवून ठेवले. ज्याने आब्राहामाबरोबर तारे मोजले नाहीत त्याला मागी लोकांचा तारा काय कळणार, असे त्यांना वाटले असावे. शिवाय एकाच बैठकीत सगळे सांगून टाकायचे नाही, ही पुराणिकाची जुनी रीत त्यांनी बरोबर उचलली. श्रोते मध्ये शंका विचारतात, पाद्री-गुरू उत्तर देतात, आणि गोष्ट पुढे सरकते.

बारामतीकरांना पुराणिक म्हणजे काय हे सांगायला नको. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून मोरोपंतांनी पुराण सांगितले आणि हजारो आर्या रचल्या. १७९४ मध्ये ते इथेच वारले. ऐकणाऱ्याला उद्या परत यावेसे वाटले पाहिजे, हे त्या कामातले कौशल्य. विल्टशरहून आलेल्या एका पाद्र्याने ते मोरोपंतांच्या पावणेदोनशे वर्षे आधी सासष्टीत साधले होते.

मुलांचाही त्यांनी वेगळा विचार केला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून ख्रिस्ती शिकवण समजावणारे एक छोटे पुस्तक त्यांनी कोंकणीत तयार केले. ते १६२२ मध्ये छापून आले. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण दुसऱ्या धर्मगुरूंनी वाढवून १६४० मध्ये प्रसिद्ध केले. यांतले एकही पुस्तक त्यांनी छापील स्वरूपात पाहिले नाही. १६१९ मध्ये, सत्तरीच्या सुमारास, गोव्यातच त्यांचे निधन झाले.

यानंतरची कथा पुस्तकाची आहे, पण तीही त्यांच्याच चरित्रात धरायला हवी.

क्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. रविवारी आणि सणाला मिस्सानंतर देवळांत ते वाचले जाई. मग वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. भाषा अर्थातच सुटली नाही, पण भाषेतले ग्रंथ मागे पडले. आज क्रिस्तपुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत जगात सापडत नाही.

तरी ग्रंथ वाचला, कारण तो घरांत होता. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी तो हाताने उतरवून सोबत नेला. मंगळूरच्या बाजूला तो घरोघरी गायला जाई, मुले ऐकत आणि मोठी झाली की तीच उतरवून काढत. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तिथल्या हजारो ख्रिस्ती माणसांना श्रीरंगपट्टणला बंदी करून नेले. परत आले ते थोडे, १७९९ नंतर. एवढ्या उलथापालथीतूनही हस्तलिखिते टिकली. अशा घरगुती प्रतींवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. पुढे लंडनमध्ये देवनागरीतले एक हस्तलिखितही उजेडात आले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली, आणि २००९ मध्ये सालेशियन धर्मगुरू फा. नेल्सन फलकाव यांनी मूळ ओव्यांबरोबर आजच्या मराठीत गद्य अर्थ देऊन ती आपल्यासाठी सोपी केली.

छापखाना, महाविद्यालय, सरकार यांपैकी कोणालाही जे जपता आले नाही ते आज्यांनी आणि नातवंडांनी जपले. इंग्लंडात ज्यांच्या लहानपणी श्रद्धा घराच्या दाराआड राहिली होती, त्यांचे पुस्तकही शेवटी घरानेच वाचवले.

आता आपल्या घरांकडे येऊ. आपली कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. कोणी नगर जिल्ह्यातून कारखान्याच्या नोकरीसाठी आले, कोणी एमआयडीसीत आहेत, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक. मुलांच्या वर्गात दुसरे ख्रिस्ती मूल बहुधा नसतेच. गणपतीची गोष्ट त्यांना मित्राकडून कळते, सांताक्लॉजची टीव्हीवरून आणि मोबाइलवरून. आब्राहामाची गोष्ट घराशिवाय कुठून कळणार? धर्मशिक्षणाचा तास आठवड्यातून एकदा, तोही परीक्षा नसेल तर. हिरव्या चक्राचे आम्हांला कौतुक आहे. तेही मुलांमुळेच सुरू झाले, असे सांगतात: १८३९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला एका लुथेरन पाळकाच्या आश्रमातली मुले नाताळ कधी, नाताळ कधी असे रोज विचारून भंडावत, म्हणून त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून दिवस मोजायला दिले. पण मेणबत्ती दिवस मोजते, गोष्ट सांगत नाही. गोष्ट कोणीतरी सांगावी लागते.

आगमनकाळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८ दिवसांचा. एवढ्या संध्याकाळी आपल्या हातात आहेत. रात्रीच्या जेवणाआधी दिवा किंवा मेणबत्ती लावावी, टीव्ही बंद करावा आणि एक गोष्ट सांगावी. एकच. पहिल्या आठवड्यात बागेतून बाहेर पडलेले आदाम आणि एवा, काइन आणि हाबेल, नोहाचे तारू. नोहावर दोन दिवस घालवले तरी चालतील, मुलांना प्राण्यांची नावे घ्यायची असतात. आब्राहामाची गोष्ट गच्चीवर किंवा अंगणात सांगावी, म्हणजे तारे खरोखर मोजता येतील. उसाच्या पट्ट्यात रात्री अंधार चांगला असतो, हा शहरापेक्षा आपला फायदा. योसेफ आणि त्याचे भाऊ हे प्रकरण भावंडे असलेल्या घरात फार रंगते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मोशे आणि दाविद यावेत. १७ डिसेंबरपासून यशया, मग जखऱ्या आणि अलिशिबा, योहान, नाझरेथची मरिया, आणि झोपेत ऐकून उठल्यावर तसे वागणारा योसेफ. प्रभूचा जन्म २४ तारखेच्या रात्रीआधी सांगू नये, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. गव्हाणी आधी मांडली तर बाळाची जागा रिकामी ठेवावी.

गोष्ट अर्ध्यावर तोडायला भिऊ नये. उद्या काय झाले असे मूल झोपताना विचारू लागले, की आगमनकाळ घरात आला असे समजावे. मुले शंका विचारतील. नोहाच्या तारवात मासे होते का, असे आम्हांला एकीने विचारले आहे. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावे आणि रविवारी आमच्याकडे पाठवावे. आम्हांलाही येईलच असे नाही. सासष्टीच्या त्या पाद्री-गुरूलाही श्रोत्यांनी वारंवार अडवले आहे.

ज्या घरात आजी आहे तिथे सांगण्याचे काम तिच्याकडे द्यावे. आपल्या कितीतरी आज्यांनी पहाटे जात्यावर ओवी म्हटली आहे. जाते गेले, पण ओवी गळ्यात असते. स्टीफन्स यांनी निवडलेला छंद तोच आहे.

पहिल्या पुराणातल्या काही निवडक ओव्या आजच्या मराठीतल्या अर्थासह झेरॉक्स करून आम्ही देवळाच्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, प्रत्येक कुटुंबाने एक संच न्यावा. बारामतीत चारही रविवारी मिस्सानंतर मुलांबरोबर त्या म्हणून पाहू. इंदापूर आणि भिगवणकडील कुटुंबांसाठी शनिवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेका घरी जमू, पहिल्या शनिवारी कोणाकडे ते आज ठरवायचे आहे. येताना आजीला जरूर घेऊन यावे. अर्थ आम्ही सांगू, पण ओवीची चाल आम्हांला येत नाही.